हनुवटी हलली

शुक्रवारी दुपारी दवाखान्याच्या पायरीवर मी दादापुढे पाकीट धरलं आणि दादाने ते घेतलं नाही. चांगलं वीतभर रुंद खाकी पाकीट, त्याच्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. दादा माझ्याकडे बघून हसत होता, वहिनीची पाठ आता बरी आहे, कालपासून वाकताही येतंय, असं काहीतरी सांगत होता, आणि मी हात पुढे करून उभा. रुसलाय की काय, असं क्षणभर वाटलं. मग मी पाकीट छातीपर्यंत उचललं, तेव्हा तो "अरे हो, दे ना" म्हणाला आणि पटकन घेतलं. घडलं ते एवढंच. दादा रस्ता ओलांडून गेला. ओलांडताना त्याने मान दोन्हीकडे दोन-दोनदा फिरवली. लोक त्याला जबाबदार माणूस म्हणतात ते उगीच नाही, असं मनात आलं, आणि त्याच वेळी हेही आलं की त्या पाकिटात दादाचे डोळे उत्तम असल्याचा दाखला होता आणि तो दाखला माझ्या तपासणीवर निघाला होता.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात फील्ड टेस्ट करतो. बावीस वर्षं झाली. डॉक्टरीणबाई डोळ्यांच्या आत बघतात. डोळ्यांना बाजूचं किती दिसतं ते मी बघतो. माणसाला एका मोठ्या पांढऱ्या वाटीत तोंड घालून बसवायचं, हनुवटी आधारावर, कपाळ पट्टीला, नजर मधल्या पिवळ्या ठिपक्यावर, हातात बटण. वाटीत इथे तिथे बारीक दिवे लागतात. दिसला की बटण दाबायचं, नाही दिसला तर गप्प बसायचं. गप्प बसणंच माणसांना जमत नाही. मोठमोठे हुद्देदार येतात आणि वाटीत तोंड घातलं की त्यांची शाळेतली मुलं होतात, आपण नापास होऊ म्हणून घाबरतात, न दिसलेलेही दिवे दाबतात. मी बाजूच्या स्टुलावर बसून म्हणत राहतो, घाई नाही, सगळे दिवे कुणालाच दिसत नाहीत. ज्या आजारासाठी ही तपासणी करतात तो फार सभ्यपणे येतो. कडेकडेनं नजर खात आत सरकतो आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. माणूस तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधडा वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि दाराच्या चौकटीला आपटतो. जिथलं गेलं तिथे काळं दिसत नाही, तिथे काहीच नसतं, आणि नसलेलं कळत नाही. आमच्या वडिलांचं असंच झालं. ताटात डावीकडचं वाढलेलं तसंच राहायचं आणि आई म्हणायची, तुम्हाला हल्ली काही आवडतच नाही. पन्नाशीत त्यांची नोकरी गेली. दादाने शिक्षण सोडलं, गाडी चालवायला शिकला, आणि मला शिकवलं. मी हाच धंदा का धरला हे वेगळं सांगायला नको. मात्र बावीस वर्षांत त्या वाटीत मी स्वतः तोंड घातलेलं नाही.

दादा शाळेची बस चालवतो. एकोणीस वर्षं तीच शाळा, तोच रस्ता. दरवर्षी शाळेला दाखला लागतो आणि दरवर्षी तो माझ्याकडे येतो, कारण भाऊ असताना दुसरीकडे कशाला जायचं? दाखल्यापुरत्या आलेल्यांना बाई स्वतः तपासत नाहीत. छापील कागद बघून सही करतात. कागद मी काढलेला असला की बघतातच असंही नाही. मंगळवारी दादा येऊन वाटीत तोंड घालून बसला आणि मी स्टुलावर बसून वहिनीच्या पाठीसाठी मोबाईलवर कुणा डॉक्टरचा नंबर शोधत राहिलो. माझ्यासमोर एक छोटा पडदा असतो, त्यात तपासणीच्या माणसाचा डोळा दिसतो. तो बघत राहणं हेच माझं काम. पण दादाच्या डोळ्यात काय बघायचं? घरचाच डोळा. कागद निघाला, कुठे काळा चौकोन नाही, झकास. फक्त खाली एका रकान्यात गडबड होती. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी असते की तिथे त्याला दिसतच नाही. निसर्गानेच तशी ठेवलेली आहे. मशीन मधूनमधून मुद्दाम त्या जागी दिवा लावतं. कुणी तो दाबला, तर त्याची नजर ठिपक्यावरून हललीय असं समजायचं. दादाने सहाच्या सहा दाबले होते. अशा वेळी तपासणी पुन्हा करायची असते, वीस मिनिटं जातात, बाहेर आठ माणसं खोळंबलेली. मग आम्ही शेऱ्यात लिहितो, हनुवटी हलली. दिवसातून चारदा लिहितो. मंगळवारी पाचव्यांदा लिहिलं.

शनिवारी मी जेवायच्या सुट्टीत त्याचे जुने कागद काढले. गेल्या वर्षी, सहाच्या सहा, हनुवटी हलली. त्याच्या आधीच्या वर्षी, सहापैकी पाच, हनुवटी हलली. तिन्ही अक्षरं माझी. डबा तसाच राहिला. कारण आता मला ते दुसरं आठवलं, जे मी बावीस वर्षं एक गंमत म्हणून सांभाळून ठेवलं होतं. आमचं मशीन जुनं आहे. दिवा लागायच्या आधी आत आरसा फिरतो, बारीक घरघर होते, मग टक् असा आवाज येतो. काही चलाख मंडळी आवाजावरच बटण दाबतात, म्हणून मशीन अधूनमधून नुसतंच टक् करतं आणि त्यांना पकडतं. पण तेव्हा आरसा फिरत नाही, म्हणून घरघरही होत नाही. मशीन नवं आलं तेव्हा मला सरावाला माणूस हवा होता. दादा रोज संध्याकाळी बस लावून यायचा, दमलेला, आणि माझ्यासाठी त्या वाटीत तोंड घालून बसायचा. महिनाभर बसला. एक दिवस मी त्याला म्हटलं, मजा सांगू का, हे जेव्हा खोटं बोलतं ना, तेव्हा घरघर करत नाही. दादा इतका हसला की त्याची हनुवटी खरोखरच आधारावरून खाली आली. ते गुपित जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातल्या एकाचे डोळे चालले होते. तो कानांनी पास झाला होता. फक्त त्या नैसर्गिक आंधळ्या जागेचं त्याला मी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून जिथे कुणालाच दिसत नाही तिथेही दादाला दिसलं.

सरळ विचारायचं तर सरळ विचारावं. पण मला ते आयुष्यात कधी जमलेलं नाही, आणि दादाला तर नाहीच. मी त्याला फोन करून म्हटलं, उद्या सायकली काढूया. दवाखान्याच्या बाकावर एक माहितीपत्रक पडलेलं असतं: कालव्याच्या काठाने नवा खडीचा सायकलमार्ग, सोळा किलोमीटर जाऊन येऊन, शांत, निसर्गरम्य, सर्व वयांसाठी सोपा. दादा इतका खूश झाला की मला माझीच किळस आली. लहानपणी आमच्याकडे एकच सायकल होती, तो चालवायचा आणि मी पुढच्या दांडीवर, आणि चढ आला की तो म्हणायचा, छोट्या, श्वास धर, वजन कमी होतं. मी खरंच श्वास धरायचो. रविवारी सकाळी मी गाडीच्या टपावर दोन्ही सायकली बांधल्या, त्याला घेतलं, वहिनीने डबा दिला. तिने हसत विचारलं, आज कुठे पळवून नेतोस यांना?

माहितीपत्रकं खोटं बोलतात असा माझा अनुभव आहे, पण या वेळी अक्षर न् अक्षर खरं निघालं. फाटक ओलांडलं की शहराचा आवाज एकदम बंद झाला. उजवीकडे कालवा, जवळजवळ न हलणारं हिरवट पाणी, डावीकडे उतार, उताराखाली मक्याची शेतं आणि लांबवर एक लाल कौलांचं घर. मधून आमची वाट, फिकट करड्या खडीची, चाकाखाली सतत करकरणारी. डांबरावर सायकल चालवताना माणूस दुसरंच काही तरी मनात घेऊन जातो. खडीवर ते जमत नाही, हाताला प्रत्येक दगड कळतो, लक्ष पुढच्या दहा हातांवर ठेवावं लागतं. तेच मला हवं होतं. रस्त्यावर दादा मान फिरवून फिरवून सगळं गोळा करतो, इथे त्याला मान फिरवता येणार नव्हती. मी त्याच्या डावीकडे जरा मागे राहिलो आणि माझी तपासणी सुरू केली. उतारावर मेंढ्या होत्या, सात-आठ, अगदी काठाशी. दादा काही बोलला नाही. एक बाई डावीकडे गवतात बसून बुटाची नाडी बांधत होती, तिने हात वर केला. दादा तसाच पुढे गेला, आणि जाताजाता, काय हवा आहे, असं मला म्हणाला. मी मनात चौकोन काळे करत होतो. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. डावीकडे खाली, काळा. डावीकडे मध्यावर, काळा. दादा मात्र आनंदात होता. आपण हे दर रविवारी करायला हवं, असं म्हणत होता. माझ्या मुलीबद्दल, छोटीबद्दल बोलत होता. ती त्याच्याच बसने जाते, त्याच्या मागच्या पहिल्या सीटवर बसते आणि शाळा येईपर्यंत त्याला पाढे म्हणून दाखवते, तेराच्या पाढ्यात हमखास अडकते. सगळ्या मुलांचा तो काका, पण ती एकटीच त्याला मोठे बाबा म्हणते आणि त्याचा तिला केवढा तोरा आहे, हे तो मला सांगत होता, आणि मी म्हणत होतो, हो, हो, आणि समोर खांब आला.

गाड्या आत शिरू नयेत म्हणून अशा वाटांवर जागोजागी खांब रोवलेले असतात. कमरेइतका उंच, पांढरा रंगवलेला, वाटेच्या डाव्या अंगाला. मला तो चांगला पन्नास हातांवरून दिसला. दादा सरळ त्याच्या रोखाने चालला होता. मी म्हणू शकलो असतो, दादा, खांब. दोनच शब्द. ते तोंडापर्यंत आलेही होते. पण माझ्यातला तो स्टुलावरचा माणूस म्हणाला, थांब, बघू दे, अजून दाबेल बटण. मी थांबलो. चाळीस हात, वीस हात. मी माझ्या भावाकडे बघत होतो आणि मला हवं होतं की त्याने हॅन्डल वळवावं, देवाशपथ तेच हवं होतं, आणि तरीही मी हाक मारली नाही. हॅन्डलचं डावं टोक खांबावर आदळलं, सायकल जागच्या जागी फिरली आणि दादा खडीवर पालथा पडला.

दोन्ही तळहात सोलले होते, गुडघ्याला लागलं होतं, मोडलं काही नव्हतं. मी त्याला धरून कालव्याच्या पायऱ्यांवर बसवलं. त्याने हात पाण्यात बुडवले आणि बराच वेळ तसेच ठेवले. बारीक खडे कातड्यात रुतलेले, मी ते एकेक काढत होतो. लहानपणी हे काम त्याचं असायचं.

"ओरडला का नाहीस?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, दिसेल."

त्याने पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघितलं. आता मी त्याला नीट मधोमध दिसत असणार, स्वच्छ, चेहऱ्यावरच्या सगळ्या रेषांसकट. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"छोट्या, तू मला इथे तपासायला आणलंस," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "पण कशाला? तुला तर माहीत आहे. तीन वर्षं तूच सांभाळून घेतोयस ना."

मी त्याच्या तळहातातला पुढचा खडा शोधायला लागलो. मग तो सांगत गेला, पाण्याकडे बघत, मोकळेपणाने. इतक्या दिवसांनी कुणाशी तरी बोलायला मिळाल्यासारखं. पहिल्या वर्षी तो धास्तावून आला होता म्हणे. बटण दाबताना त्याला वाटत होतं, आज छोट्या पकडणार, त्याच्यापासून काय लपणार आहे. मग मी कागद हातात घेतला, खालच्या त्या रकान्यावर पेन टेकवलं, जरा थांबलो, आणि काहीतरी लिहिलं. दाखल्यासोबतचा तो कागद त्याने घरी नेऊन वाचला. त्याची हनुवटी तसूभरही हलली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. "तुझ्या वहिनीला म्हटलं, बघ, न विचारता, न बोलता त्याने केलं. एवढं कोण करतं? त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट इतकं भरलं होतं." तो मला धन्यवाद देत होता. सोललेले हात पुढे करून माझा भाऊ मला धन्यवाद देत होता, आणि मी त्याला सांगू शकत नव्हतो की मी काहीच केलं नाही, मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं नाही, मी फक्त बघितलं नाही. तीन वर्षं समोरच्या पडद्यावर तुझा डोळा ठिपक्यावर स्थिर होता आणि मला बाहेरच्या रांगेची घाई होती. यातलं जास्त वाईट काय, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तिथे पायरीवर तर नाहीच आलं.

शेवटी मी म्हटलं, "दादा, बसमध्ये मुलं असतात."

"मला सांगतोस?" तो म्हणाला. प्रत्येक वळणावर तो तीन-तीनदा मान फिरवतो. मुलं हसतात त्याला, काका कोंबडीसारखं बघतात म्हणतात. रस्ता पाठ आहे, कुठल्या घराचा कुत्रा किती वाजता बाहेर येतो तेही पाठ. आणि माझी छोटी मागच्याच सीटवर असते, तिला तो काही होऊ देईल का? मी म्हटलं, नाही देणार. तो म्हणाला, एवढं वर्ष काढतो, मग आपण होऊन सोडतो. मी विचारलं, गेल्या वर्षीही असंच ठरवलं होतंस का, तर तो हसला, आणि ते हसू वडिलांचं होतं. बसशिवाय त्याच्याकडे काही नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या घरात एक माणूस पन्नाशीनंतर पंधरा वर्षं खुर्चीत बसून होता आणि आम्ही दोघांनी ते पाहिलेलं होतं. मग तो उठला, सायकलचं हॅन्डल सरळ केलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला बाईंना सांगावंसं वाटलं तर सांग. मी काही म्हणणार नाही." तो भांडला असता, हातापाया पडला असता, तर मी सांगितलं असतं. त्याने सगळंच माझ्यावर सोडलं.

परत येताना मी पुढे झालो. डावीकडून चाललो आणि मोठ्याने सांगत राहिलो: खांब आला, डावीकडे घे, पुढे खड्डा, इथे खडी सैल आहे. तो ऐकत होता, हूं म्हणत होता. ऊन वर आलं होतं, मक्याच्या पात्यांचा सळसळाट येत होता, पाण्यावर दोन पांढरे पक्षी बसले होते. त्यांचंही मी त्याला सांगितलं. कुठे, त्याने विचारलं, आणि मी दिशा सांगितल्यावर थांबून, मान वळवून, त्याने ते शोधून काढले. खरं सांगायचं तर तेवढ्या आठ किलोमीटरात मला फार बरं वाटत होतं. हा मार्ग कधी संपूच नये, मी पुढे ओरडत राहावं आणि तो मागे सुखरूप येत राहावा, असं वाटत होतं. पण फाटक आलं. मग शहर आलं. वहिनीने त्याचे हात बघितले आणि माझ्याकडे बघितलं. पडलो गं, वय झालं आता, असं दादा म्हणाला.

संध्याकाळी मी बाईंना मेसेज लिहिला. मंगळवारच्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे, एवढाच. मग वाटलं, एवढ्यावर त्या फोन करतील. म्हणून लांब लिहिला, सगळं लिहिलं. वाचला तर त्यात दादा चोर दिसत होता आणि मी साधा विसराळू माणूस. तो पुसून मग दुसरा लिहिला, त्यात मी चोर होतो. तो खरा होता, आणि तो पाठवला असता तर बावीस वर्षं आणि दादा दोन्ही एकदम गेले असते. बायकोने विचारलं, कुणाला एवढा निबंध लिहितोयस, तर मी तोही पुसला. सोमवारी समक्षच बोलू, असं ठरवलं. बाई दहाला येतात. बस सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या कोपऱ्यावर येते.

सोमवारी सात वाजता छोटी गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, दाराशी उभी होती. मी तिला म्हटलं, थांब जरा. ती म्हणाली, बाबा, बस येईल. मी पुन्हा म्हटलं, थांब. आम्ही दोघं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभे राहिलो, मी पडद्याच्या आड. बस वेळेवर आली. शेजारची दोन भावंडं चढली, मागून एक छोटासा मुलगा, त्याची आई त्याला वर उचलून देत होती. तिने दादाला काहीतरी सांगितलं, दादाने पट्टी बांधलेला हात वर केला. दार उघडंच राहिलं. दादा वाट बघत होता. मग माझा फोन वाजला.

"छोटी आली नाही अजून," दादा म्हणाला.

"तिला बरं नाहीय. ताप आहे," मी म्हटलं.

फोनमध्ये मुलांचा गलका ऐकू येत होता, इंजिनाची घरघर ऐकू येत होती. छोटी माझ्याकडे बघत होती.

"बरं," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, "उद्याही येणार नाही ना ती?"

दादाने फोन ठेवला. बसचं दार बंद झालं, डावीकडचा दिवा उघडझाप करू लागला, आणि काचेतून दिसलं की दादाने मान एकदा वळवली, दोनदा वळवली, तिसऱ्यांदा वळवली. त्याच्या मागची पहिली सीट मोकळी होती. बाकीच्या सगळ्या भरलेल्या होत्या. बस कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी मी कान देऊन उभाच होतो.

"मला कुठे ताप आहे?" छोटीने विचारलं. मी तिच्या कपाळाला हात लावला, तो गारच होता, आणि म्हटलं, बूट काढू नकोस, तुला मी गाडीने सोडतो.